रांजणभर पाणी

बिदरच्या हायस्कुलात विज्ञान घेतलेल्या वर्गात मी एकटीच मुलगी होते. मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत नव्हते आणि मला ते शिकायचं होतं, म्हणून माझ्या वडिलांनी, अप्पांनी, मला जनवाड्याहून आणून बिदरला मावशीच्या घरी ठेवलं होतं. पोलीस ॲक्शन होऊन, निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती. शाळेतली उर्दू जाऊन मराठी आणि कानडी आली होती, म्हणजे कागदावर आली होती. पुस्तकं वेळेवर मिळत नव्हती, आणि शिकवणारे बरेचसे जुनेच होते.

आमचे रसायनाचे मास्तर त्यांतलेच. आम्ही त्यांना मास्तरसाब म्हणायचो. हैदराबादला उर्दूतून शिकलेले, घरी दखनी बोलणारे, उंच, जरा वाकलेले. ॲक्शननंतर त्यांचे दोघे भाऊ गाव सोडून गेले होते. हे मात्र राहिले. का राहिले ते कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. अंगात काळी शेरवानी असायची. प्रयोगशाळेच्या दारात आले की ती काढून खिळ्याला अडकवायची, बाह्या कोपरापर्यंत दुमडायच्या, मगच आत पाऊल. प्रयोगशाळा म्हणजे शाळेच्या मागची जांभ्या दगडाची आडवी खोली. मध्ये लांब टेबलं, दोन्ही बाजूंना समोरासमोर आम्ही, आणि भिंतीच्या कपाटात काचेच्या बाटल्या.

त्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या उर्दूत होत्या. जुन्या मुलांना त्या वाचता यायच्या, आम्हा नव्यांना नाही. एकदा एका मुलाने पाण्यासारखं दिसतंय म्हणून एका बाटलीचं बूच काढून नाकाशी धरलं. तो अमोनियाचा तीव्र द्राव होता. बिचारा डोळे-नाक गाळत गुडघ्यांवर बसला. मास्तरसाबांनी त्याला बाहेर मोकळ्या हवेत नेऊन बसवलं, परत आले आणि कपाटाला कुलूप लावलं. म्हणाले, "आज प्रयोग बंद. चिठ्ठी वाचता येत नाही तवर बाटलीला हात लावायचा नाही."

मराठी आणि कानडी दोन्ही लिहिता येणारी मी होते. आमच्या घरी दोन्ही भाषा चालायच्या. म्हणून चिठ्ठ्या लिहायचं काम माझ्याकडे आलं. मास्तरसाब उर्दू नाव वाचून दाखवायचे, मी खाली मराठीत आणि त्याखाली कानडीत लिहायची. तेजाब, आम्ल, आणि बाळबोध अक्षरात सल्फ्युरिक. चिठ्ठी चिकटवली की ते मेणबत्ती वितळवून तिच्यावर मेणाचा हात फिरवायचे, म्हणजे थेंब पडला तरी अक्षर जाणार नाही. ते काम संपत आलं तेव्हा एक दिवस ते संकोचून म्हणाले, "बेटी, हा 'क्ष' कसा काढतात ते पुन्हा दाखव." त्या वयात ते आमची अक्षरं गिरवत होते. फळ्यावर सूचनाही मग तिन्ही भाषांत येऊ लागल्या. मराठी ओळीत ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका असायच्या. मुलं हसायची. मास्तरसाब हसणं संपेपर्यंत थांबायचे आणि मग तीच ओळ मोठ्याने वाचायचे.

सूचना त्याच त्याच. पाण्यात आम्ल ओता, आम्लात पाणी नाही. चव घेऊ नका. नळी तापवताना तिचं तोंड कुणाकडे करू नका. एक सूचना त्यांना माझ्यासाठी द्यायची होती, पण मुलीला थेट कसं सांगावं हे सुचेना. मग ते फळ्याकडे तोंड करून म्हणाले, "ज्यांचे केस लांब आहेत त्यांनी ते बांधून घ्यावेत. ज्यांना पदर आहे त्यांनी तो खोचून घ्यावा." सगळा वर्ग माझ्याकडे बघून खिदळला. मी लाजेने लाल झाले, पण वेणीचा अंबाडा घातला आणि पदर कमरेला खोचला. दुसऱ्या आठवड्यापासून ते सांगायची गरज राहिली नाही.

आम्हा सगळ्यांना वैताग यायचा तो पाण्याचा. खोलीत नळ नव्हता. दाराशेजारी एक मोठा मातीचा रांजण होता. प्रयोगाच्या दिवशी तो आवारातल्या आडाच्या पाण्याने काठोकाठ भरलेला पाहिजे, असा मास्तरसाबांचा नियम. भरलेला नसेल तर प्रयोग नाही. मुलांनी पाळीपाळीने पाणी शेंदायचं. एकदा आडाचा दोर तुटला आणि रांजण अर्धाच राहिला, तर त्यांनी सगळ्यांना वर्गात बसवून नुसतं पुस्तक वाचायला लावलं. त्या पाण्यातलं आम्ही वाडगाभरसुद्धा वापरायचो नाही. प्रयोगाला लागणारं पाणी वेगळं, घागरीत. रांजणाचं पाणी संध्याकाळी झाडांना जायचं.

माझ्या समोरच्या बाजूला दुबलगुंडीचा एक मुलगा बसायचा. मेंढरं राखणाऱ्या घरातला, बोर्डिंगात राहून शिकणारा. बोलायला भिडस्त, पण हात फार स्थिर. आमच्यातला सगळ्यांत नीट प्रयोग करणारा तोच. हे मी मुद्दाम सांगते, कारण जे झालं ते त्याच्या निष्काळजीपणाने झालं नाही.

श्रावण चालू होता. त्या दिवशीचा प्रयोग नवसागर ओळखण्याचा. नवसागर म्हणजे कल्हईवाला भांड्यांना कल्हई करताना टाकतो तो. नळीत नवसागर घ्यायचा, त्यात कॉस्टिक सोड्याचा द्राव घालायचा आणि स्पिरिटच्या दिव्यावर हलवत हलवत तापवायचं. अमोनियाचा वास आला आणि नळीच्या तोंडाशी धरलेला ओला लाल लिटमस कागद निळा झाला की ओळख पटली. मी माझ्या नळीसाठी द्राव मोजत होते. समोर त्याची नळी तापत होती, तोंड बाजूच्या भिंतीकडे, अगदी सांगितल्यासारखं. बाहेर एकदम वारा सुटला आणि खिडकीचं दार धाडकन आपटलं. सगळ्यांनी दचकून तिकडे पाहिलं. त्यानेही पाहिलं, आणि अंगाबरोबर त्याचा हात वळला. नेमकी तेव्हाच नळीत उकळी उसळली.

माझ्या डाव्या डोळ्यात काहीतरी गरम शिरलं. पहिल्या क्षणी नुसतं गरम वाटलं. मग अशी आग झाली की मी दोन्ही हातांनी डोळा दाबून धरला आणि ओरडले.

मास्तरसाब टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होते. ते कसे आले ते मला दिसलं नाही. त्यांनी माझे हात ओढून बाजूला केले, मानेला धरून मला रांजणाकडे नेलं, डोकं वाकवलं आणि अंगठ्याने माझी पापणी उघडी धरली. दुसऱ्या हाताने तांब्या. पाणी डोळ्यावर आदळलं तेव्हा मी जीव खाऊन डोळा मिटायला लागले.

"आँख खोल बेटी! मिटू नको! कण्णु तेरी, कण्णु तेरी!" तिन्ही भाषा एकाच दमात. "रडायचं तर रड, पण मिटू नको!"

तांब्यामागून तांब्या. मी त्यांच्या मनगटाला नखं रुतवली, लाथा झाडल्या, अव्वाला, आईला, हाका मारल्या. त्यांनी सोडलं नाही. मध्येच ते मुलांवर ओरडले, "बघत कामून उभे आहात? आडावर जा! ओळ लावा!" मग बादल्यांचा आवाज येऊ लागला. रांजण तळाला लागला तरी पाणी थांबलं नाही. कुणीतरी म्हणालं, "मास्तरसाब, बस झालं, दवाखान्यात न्यायला पाहिजे." ते म्हणाले, "टांगा आण. तो येईपर्यंत धुतोय. टांग्यातही धुतोय."

आणि खरंच टांग्यातही धुतलं. मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून आडवी होते, घागर मुलांपैकी कुणीतरी धरली होती, आणि बाजारातून भर दुपारी आमची ती वरात चालली होती. सोळा वर्षांची मुलगी, परका पुरुष, उघडं डोकं, भिजलेलं पातळ. लोक दुकानांतून उठून बघत असतील. मास्तरसाबांना त्याचा अर्थ कळत नव्हता असं नाही. फळ्याकडे तोंड करून पदर खोचायला सांगणारा माणूस तो. पण त्या वेळी त्यांना माझ्या पापणीशिवाय दुसरं काही दिसत नव्हतं.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी डोळा तपासला, पुन्हा धुतला, औषध घातलं आणि दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधली. दोन्हींवर कशासाठी, तर एक हलला की दुसरा हलतो म्हणून. "दिसंल का?" मी विचारलं. "पट्टी काढल्यावर बघू," ते म्हणाले.

पुढचे दिवस दवाखान्यातल्या खाटेवर मी कानांनी काढले. अव्वा जनवाड्याहून आली होती, ती उशाशी बसून पंख्याने वारा घालायची आणि मी झोपले असं वाटलं की हलकेच रडायची. अप्पांच्या चपलांचा करकर आवाज मला लांबून ओळखू यायचा. मावशीचे शेजारी, कोर्टात वकिली करणारे एक गृहस्थ, चौथ्या दिवशी भेटायला आले. खाटेच्या पायथ्याशी उभे राहून अप्पांशी बोलले. मी झोपले आहे असं त्यांना वाटलं असावं.

"एक अर्ज टाका, अप्पा. मी लिहून देतो. आजकालच्या दिवसांत त्या मास्तरला इथं कोण ठेवून घेतंय? आठ दिवसात जाईल."

"कामून?" अप्पा म्हणाले.

"कामून म्हणजे? पोरीचा डोळा गेला. वर तिला हात लावून, मांडीवर घेऊन बाजारातून नेली. गाव काय बोलायलंय ते ऐकलं न्हाई का तुमी?"

"ऐकलंय," अप्पा म्हणाले. "बघू."

अप्पांचं 'बघू' मला ठाऊक होतं. त्यातून होही निघायचं आणि नाहीही. मला बोलायचं होतं. पण वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात मुलीने तोंड घालायची आमच्याकडे रीत नव्हती, आणि काय झालं ते मला तरी कुठे नीट कळलं होतं? मला डोळ्यातली आग आठवत होती आणि ती घट्ट बोटं.

त्याच संध्याकाळी व्हरांड्यात पावलं वाजली आणि दारात थांबली. अव्वा कुजबुजली, "मास्तर आलेत." मला नंतर कळलं की ते रोज यायचे आणि दारातून विचारून परत जायचे. त्या दिवशी अप्पा आत होते.

"या मास्तरसाब, बसा," अप्पा म्हणाले.

"नको. उभाच बरा."

मग अप्पांनी विचारलं, "मला नीट सांगा. काय झालं?"

मास्तरसाबांनी सांगितलं. प्रयोग, नळी, खिडकी, उकळी. काही झाकलं नाही, काही वाढवलं नाही. शेवटी म्हणाले, "त्या पोराला काही बोलू नका. नळी त्याच्या हातात होती, पण वर्ग माझ्या हातात होता. मुलं समोरासमोर बसतात, मध्ये आडोसा नाही, हे मला दिसायला पाहिजे होतं. तुम्हाला अर्ज द्यायचा असेल तर द्या. मी जे झालं तेच लिहून देईन."

"आन् ती पाण्याची गोष्ट?" अप्पांनी विचारलं. "डॉक्टर म्हणायलेत तुमी लई वेळ धुतलं."

"ते तर करायलाच पाहिजे होतं."

"डॉक्टर म्हणायलेत, नुसतं फडकं बांधून आणली असती तर त्यांच्या हातात कायबी नव्हतं."

मग अप्पांचा आवाज दाराजवळून आला. ते खाटेवरून उठले असावेत. "चुन्याची निवळी बैलाच्या डोळ्यात गेलेली मी बघितलीय, मास्तरसाब. त्या बैलाचं काय झालं तेबी बघितलंय. माझ्या लेकीला तुमी धरून ठिवलं. लोक काय बोलतेत ते मी ऐकलं, पर मी बाप हाय. मी आसतो तर मीबी तसंच धरलं आसतं. बसा आता. हिची माय दूध गरम करून देतीय, घिऊन जावा."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. पट्टीखाली माझे डोळे भरून आले आणि डावा चुरचुरला, तरी मला बरं वाटलं. अप्पांनी काय ठरवलं ते मला कळलं होतं.

पट्टी काढली तो दिवस ढगाळ होता, आणि डॉक्टरांनी खिडकीही लोटून घेतली होती. आधी उजवा उघडला. मग तो झाकून डावा. डाव्याला सगळं दुधाळ दिसलं, जणू पातळ साय आली आहे. त्या सायीमागे एक तांबडा ठिपका हलत होता. "अप्पांचा रुमाल," मी म्हणाले. अप्पांनी डोक्याचा रुमाल काढून त्यातच तोंड लपवलं. महिन्या-दीड महिन्यात ती साय हळूहळू विरत गेली. उन्हात तो डोळा अजून लवकर पाणावतो, इतकंच काय ते राहिलं.

दरम्यान दुबलगुंडीचा मुलगा गावी निघून गेला होता. कुणाला न सांगता बोर्डिंगातून वळकटी उचलून. मास्तरसाब त्याच्यामागे गेले. मोटारीने हुमनाबाद आणि तिथून चिखलातून पायी. मुलगा माळावर मेंढरांत बसला होता आणि शाळेचं नाव काढू देत नव्हता. "ती आंधळी झाली का?" एवढंच विचारत होता. मास्तरसाब म्हणाले, "चल आणि तिलाच विचार." त्याला घेऊन ते मावशीच्या घरी आले. तो ओट्याखाली मान खाली घालून उभा राहिला. मी काय बोलावं? मी म्हटलं, "तुमच्या सदऱ्याचं वरचं बटण तुटलंय." त्याने एकदम सदऱ्याला हात लावला, आणि मला ते इतक्या लांबून दिसतंय हे लक्षात आल्यावर मटकन ओट्यावर बसला आणि हमसून हमसून रडला. मावशीने आम्हा सगळ्यांना गूळ घातलेला चहा दिला.

मी शाळेत परत गेले तेव्हा प्रयोगशाळेत टेबलांच्या मधोमध लाकडी चौकटींत काचा उभ्या केल्या होत्या. पलीकडचा माणूस दिसायचा, पण नळी उसळली तर द्राव काचेवरच आदळायचा. कल्पना मास्तरसाबांची. लाकूड अप्पांनी शेतातल्या सागाचं दिलं होतं आणि जनवाड्याच्या सुताराने चौकटी केल्या होत्या. खिडक्यांना नवे आकडे बसवले होते. रांजणाशेजारी दुसरा एक रांजण आला होता. आता पाणी शेंदायला कुणी कुरकुरत नव्हतं.

मास्तरसाब म्हणाले, "तुझा एक प्रयोग राहिलाय. घाई नाही. नको वाटलं तर दुसऱ्याचा प्रयोग नुसता बघ, मी गुण देईन."

मला नकोच वाटत होतं. तरी दिवा पेटवला. नवसागर घातला, द्राव घातला, नळी चिमट्यात धरली. काचेपलीकडून दुबलगुंडीचा मुलगा स्वतःचं काम सोडून माझ्याकडे बघत होता. मास्तरसाब माझ्या डाव्या हाताशी उभे राहिले. हात लावला नाही, नुसते उभे राहिले. "तोंड भिंतीकडे," मी स्वतःलाच म्हणाले आणि नळी हलवत राहिले. वास आला, नाकाला झोंबणारा. मी लाल कागद ओला करून नळीच्या तोंडाशी नेला. कडेपासून निळा होत होत तो सगळा निळा झाला. "झालं," मी म्हणाले, आणि मला हसू फुटलं. मास्तरसाबांनी मान हलवली. "दिवा विझव आधी," ते म्हणाले.

त्या वर्षी येळवसेला, म्हणजे येळ अमावस्येला, अप्पांनी मास्तरसाबांना घरच्यांसह शेतात बोलावलं. आमच्याकडे त्या दिवशी गावात चूल पेटत नाही, सगळं गाव आपापल्या शेतात जेवतं. अप्पा स्वतः बैलगाडी घेऊन बिदरला गेले. गावातले काही लोक तोंड वाकडं करतील हे त्यांना माहीत होतं. ते मुद्दामच मोठ्या रस्त्याने गाडी घेऊन आले.

कडब्याच्या पेंढ्यांची कोप, म्हणजे छोटी खोपी, उभी केली होती. अप्पांनी पूजा केली आणि आंबील शिंपडत शेताला फेरी मारली. मास्तरसाबांचा धाकटा मुलगा त्यांच्यामागे पळत होता, आणि अप्पा हाळी घालायचे तशी तोही घालत होता. मग आम्ही घोंगड्यावर बसलो. बाजरीचे उंडे म्हणजे उकडलेले गोळे, तुरीच्या-वाटाण्याच्या ओल्या दाण्यांची भज्जी म्हणजे मिसळभाजी, गव्हाची खीर. मास्तरसाबांच्या बायकोने घरून शेवया करून आणल्या होत्या. सोवळं-ओवळं मानणारी माझी अव्वा क्षणभर थबकली, मग तिने वाटी पुढे केली आणि दुसऱ्यांदाही मागितल्या. मास्तरसाबांनी भज्जी तीनदा घेतली. आंबिलीचा मोगा, ते छोटं मडकं, तोंडाला लावला तेव्हा त्यांच्या मिशांना पांढरी रेघ उमटली. त्यांची बायको पदराआड हसली, आणि तिला बघून आम्ही सगळेच.

वाढता वाढता मी त्यांच्यापाशी थांबले. कितीतरी दिवस मनात जुळवून ठेवलेलं वाक्य होतं. "मास्तरसाब, तुमी नसता तर..." एवढंच बोलता आलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. शेवटचा उंडा मोडत म्हणाले, "बेटी, पुढे शिकणार ना?"

"व्हय," मी म्हणाले.

"शिकंल की," पलीकडून अप्पा म्हणाले. "तुमी हाव, मी हाय. मास्तरसाबांना आजून आंबील घाल."

मी मोगा उचलून त्यांच्या वाटीत काठापर्यंत आंबील ओतली. समोर करडईच्या पट्ट्यापलीकडे ज्वारीची कणसं नुकती भरायला लागली होती, आणि मला ती दोन्ही डोळ्यांनी लख्ख दिसत होती.